काबूल-तेहरानच्या बायकांसाठी सोलापुरात बसून आपण नेमकं काय करू शकतो?

शिलाईवाली_अशोकचौक

नमस्कार मंडळी. मी इथं वाचत असते नेहमी, लिहीत नाही फारसं, पण हा विषय डोक्यातनं जाईनाच झालाय म्हणून धागा काढतेय. मी युनिफॉर्मच्या कारखान्यात फिनिशिंगला आहे. काज-बटण, धागे कापणं, प्रेस, पॅकिंग सगळं आम्ही बायकाच बघतो आणि त्यातल्या बऱ्याच जणी आमच्या बचत गटात पण आहेत. ८ मार्च आला की दरवर्षी ठरलेलं, रांगोळी, संगीत खुर्ची, एकसारख्या साड्या नेसून फोटो आणि एखादा स्टीलचा डबा. यंदा आमच्यातलीच एक म्हणाली, ताई ते काबूलच्या पोरींचं बोलू या की. तिनं मोबाइलवर बघितलं होतं, चार बायका तोंड पूर्ण झाकून घरातच भिंतीपाशी उभ्या, हातात कागद, आणि एक जण काहीतरी वाचून दाखवतीय.

आम्ही तेव्हा मुलींच्या पिनोंचे, म्हणजे शाळेच्या बिनबाह्यांच्या फ्रॉकचे, गठ्ठे लावत होतो मापाप्रमाणे. मी म्हणलं, तिथं सहावीनंतर मुलीला शाळाच नाही, म्हणजे या मापाच्या वरचा एकसुद्धा पिनो तिथं लागत नाही. त्यावर आमच्या ओव्हरलॉकवाल्या मावशींनी विचारलं, मग त्या पोरी दिवसभर करतात काय? मला उत्तर देता येईना.

घरी येऊन मुलीकडनं शोधून घेतलं सगळं. १५ ऑगस्ट २०२१ ला तालिबान काबूलमध्ये शिरले. मार्च २०२२ मध्ये मोठ्या मुलींच्या शाळा उघडणार म्हणून जाहीर केलं, पोरी दप्तर घेऊन गेल्या आणि काही तासांत परत घरी पाठवल्या. डिसेंबर २०२२ मध्ये कॉलेजं बंद, त्याच महिन्यात संस्थांमध्ये काम करणाऱ्या बायकांना घरी बसवलं. २०२३ मध्ये ब्युटी पार्लर बंद केले, तिथं कितीतरी बायकांचं घर त्याच्यावर चालत होतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तर कायदाच काढला की बाईचा आवाजसुद्धा बाहेर ऐकू येता कामा नये, आणि डिसेंबरमध्ये नर्सिंग आणि सुईणीचे कोर्स पण गेले. एकेक दार बंद करत आणलंय.

तर मला विचारायचं एवढंच आहे की मेणबत्त्या लावून स्टेटसला फोटो टाकायचे नाहीयेत आम्हाला. तिकडच्या बाईला खरोखर उपयोग होईल असं इथनं काही करता येतं का? कुणी अशी कामं केलीत का, वाचलंय का? मोकळेपणानं सांगा.

होटगीरोडवाला

ताई राग मानू नका, मनापासून सांगतो. ते त्यांचं सरकार, त्यांचा देश, आपण कोण बोलणार? आणि बोललो तरी तिथं कुणाला ऐकू जाणारय? आपल्याच जिल्ह्यात दरवर्षी बालविवाह थांबवायला पोलीस आणि चाइल्डलाइन पळत असतात, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या पोरींची लग्नं शाळा सुटायच्या आत उरकतात, तिकडं आधी बघायला नको का? कळकळ चांगली आहे पण ताकद जिथं लागू पडते तिथं लावावी असं मला वाटतं.

पूर्वभागातली_अक्का

होटगीरोडवाले दादा, बालविवाहाचं बोललात ते शंभर टक्के खरं आहे, पण जी बाई शेजारच्या पोरीचं लग्न थांबवायला जाते तीच बाई काबूलच्या पोरीबद्दल पण बोलती बघा, दोन वेगळ्या बायका नसतात त्या. जिला काहीच पडलेलं नाही ती दोन्हीकडं गप्प असती.

निवृत्त_मास्तर

"आपण कोण बोलणार" हा प्रश्न सोलापुरात बसून विचारलेला बघून थोडं वाईट वाटलं म्हणून लिहितो, मोठं झालं तर सांभाळून घ्या.

या गावानं मार्शल लॉ भोगलाय. ६ एप्रिल १९३० ला नगरपालिकेवर तिरंगा लागला, मे महिन्यात गांधीजींना अटक झाल्यावर गावात गोळीबार झाला, आणि १२ मे ते ३० जून लष्कराचा अंमल होता. झेंडा लावणं गुन्हा होता, डोक्यावर गांधी टोपी दिसली तरी शिक्षा व्हायची. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात धनशेट्टी, कुर्बान हुसेन, सारडा आणि शिंदे यांना फाशी दिलं, आपण रोज त्यांच्या चार पुतळ्यांच्या चौकातनं जातो. सरकार एकदा ठरवून चिरडायला लागलं की आतल्या माणसाला किती एकटं वाटतं हे आपल्या आजोबा-पणजोबांनी बघितलेलं आहे. त्या वेळी बाहेरचं कुणी बोललं तर ते "अंतर्गत बाब" म्हणून आपण झिडकारलं असतं का?

आणि देश म्हणून सुद्धा आपण कायम गप्प बसलेलो नाही. १९४६ मध्ये, अजून स्वातंत्र्य पण मिळालेलं नव्हतं, तेव्हा भारतानं दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. वंशभेदावरनं असं करणारा पहिला देश आपला. त्याच वर्षी तो प्रश्न संयुक्त राष्ट्रांत मांडायला जे शिष्टमंडळ गेलं त्याच्या प्रमुख विजयालक्ष्मी पंडित होत्या, एक बाई. तेव्हा दक्षिण आफ्रिकेचं सरकार पण हेच म्हणत होतं की हा आमच्या घरातला मामला आहे.

नंतर तिथल्या बायकांनी काय केलं तेही वाचा. ९ ऑगस्ट १९५६ ला साधारण २०,००० बायका प्रिटोरियाला सरकारी इमारतीसमोर जमल्या, काळ्या माणसाला स्वतःच्याच देशात फिरायला पास बाळगावा लागायचा तो बायकांवर लादू नका म्हणून. अर्जांचे गठ्ठे दारात ठेवले आणि अर्धा तास कुणी तोंडातनं शब्द काढला नाही. वर्णभेद जायला त्यानंतर किती वर्षं लागली ते आपल्याला माहितीय, पण बाहेरचा दबाव आणि आतली चळवळ ही दोन्ही चालू राहिली म्हणून तो गेला. आज अफगाण बायका स्वतः मागणी करतायत की आमच्यावर जे चाललंय त्याला लिंगावर आधारलेला वर्णभेदच म्हणा आणि आंतरराष्ट्रीय कायद्यात तसा गुन्हा नोंदवा. ही मागणी त्यांची आहे, आपण ती उचलून धरायचीय एवढंच.

जुळेसोलापूर_२२

मास्तर 🙏 १९४६ चं खरंच माहिती नव्हतं.

वाचनालयातली

शिलाईवाली ताई, तुमच्या मावशींनी विचारलेल्या प्रश्नाचं एक उत्तर माझ्याकडं आहे आणि ते तुमच्याच धंद्यातलं आहे.

तालिबानची पहिली राजवट होती ना, १९९६ ते २००१, तेव्हा पण मुलींचं शिक्षण बंद होतं. पण शिवणकाम शिकायला परवानगी होती. तर हेरात शहरात बायका बुरखा घालून, पिशवीत कापड-कात्री घेऊन शिवणक्लासला जायच्या. गोल्डन नीडल म्हणून ओळखला जायचा तो क्लास. कापडाच्या खाली वही असायची आणि आत विद्यापीठातले प्राध्यापक येऊन साहित्य शिकवायचे. बाहेर पोरं खेळत असायची, ती पहाऱ्याला, कुणी आलं की खबर द्यायची, की लगेच वह्या खाली आणि कापड वर. हे पकडलं गेलं असतं तर काय झालं असतं ते सांगायला नको. आजही तिथं घराघरांत असेच चोरून वर्ग चालतात. म्हणजे "त्या पोरी दिवसभर करतात काय" तर ज्यांना जमतं त्या शिकतायत, लपून.

चिलीत १९७३ मध्ये लष्करानं सत्ता घेतली, नवरे-पोरं उचलून नेली ती परत आलीच नाहीत. तेव्हा तिथल्या गरीब वस्त्यांतल्या बायकांनी जाड तरटावर चिंध्यांचे तुकडे शिवून चित्रं करायला सुरुवात केली. आपली वाकळ असती तसंच काम, फक्त त्याच्यात पोलीस गाडी, रिकामी चूल, हातात फोटो घेऊन उभ्या बायका असं सगळं शिवलेलं. काहींनी तर हरवलेल्या माणसाच्याच शर्टाचे तुकडे वापरले. चर्चच्या एका विभागानं ती कापडं जमा करून परदेशात नेऊन विकली, त्याच्यावर या बायकांच्या घरात चूल पेटली, आणि तिथं छळ चाललाय हे जगाला कळलं ते त्या चिंध्यांवरनं पण कळलं. बाहेरच्या माणसानं काय केलं, तर ते कापड विकत घेतलं, भिंतीवर लावलं, आलेल्या-गेलेल्याला त्याची गोष्ट सांगितली.

अर्जेंटिनाच्या आयांचं तर सगळ्यांनी वाचलं पाहिजे, तिथं पण लष्कराचं राज्य आणि पोरं गायब होत होती. ३० एप्रिल १९७७ ला १४ आया सरकारी वाड्यासमोरच्या चौकात आल्या, आमची पोरं कुठायत म्हणून. घोळका करून उभं राहायला बंदी होती, पोलीस म्हणाले चालत राहा, तर त्या खरंच चालत राहिल्या, चौकातल्या मनोऱ्याभोवती दोघी-दोघी गोल गोल, आणि पुढं दर गुरुवारी. ओळखू यावं म्हणून डोक्याला पांढरं कापड बांधायच्या, सुरुवातीला ते बाळाचं दुपटं-लंगोटच असायचं. डिसेंबरात त्यांच्यातल्या तिघींना, अझुसेना व्हिलाफ्लोर त्यातली एक, सरकारनं उचलून मारून टाकलं. तरी बाकीच्या पुढच्या गुरुवारी आल्या. मग १९७८ चा फुटबॉल वर्ल्डकप तिथं भरला, तो बघायला आलेल्या काही परदेशी पत्रकारांनी मैदान सोडून कॅमेरे या आयांकडं नेले. होटगीरोडवाले, ऐकू जातं की नाही याचं उत्तर हे आहे. बाहेरच्या त्या कॅमेऱ्यांमुळं त्या आया जगाला कळल्या.

म्यानमारमध्ये २०२१ ला लष्करानं परत सत्ता घेतली तेव्हा बायकांनी गल्लीच्या तोंडाला दोऱ्या बांधून त्याच्यावर आपली लुंगीसारखी नेसायची वस्त्रं वाळत घातली. तिथं समज आहे की बाईच्या वस्त्राखालनं गेलं की पुरुषाचं तेज जातं. सैनिक थांबून ती काढत बसायचे, तेवढ्यात पोरं पसार. ज्या समजुतीनं बाईला कमी लेखलं तीच त्यांच्या अंगावर उलटवली!

शिलाईवाली_अशोकचौक

ताई हे हेरातचं मी आज कारखान्यात सांगितलं. कटिंग मास्टर सुद्धा कात्री खाली ठेवून ऐकत होते. मावशी म्हणाल्या त्या क्लासवाल्या बाईला नमस्कार सांगा माझा.

कव्हरड्राइव्ह

क्रिकेटमधनं एक सांगतो कारण आपल्याकडं ऐकणारे जास्त त्यातनंच मिळतील. नोव्हेंबर २०२० मध्ये अफगाण बोर्डानं २५ मुलींना कॉन्ट्रॅक्ट दिलं होतं. वर्षाच्या आत तालिबान आले, पोरींनी किट जाळले-पुरले आणि बऱ्याच जणी ऑस्ट्रेलियाला निघून गेल्या. पुरुषांची टीम मात्र खेळतीय, आपण टाळ्या पण वाजवतो, मी पण वाजवतो कारण राशिद खान मला आवडतो आणि त्यानं मुलींच्या शिक्षणाबद्दल जाहीर बोललंय हे पण खरं. ऑस्ट्रेलियानं त्यांच्याशी टेस्ट रद्द केली, मग वनडे, मग टी-ट्वेंटी, पण वर्ल्डकपमध्ये खेळले. मला स्वतःला पुरुषांच्या टीमवर बंदी हवी असं वाटत नाही, त्या पोरांनी काय केलंय? पण पोरींची टीम असायला हवी हे ठाम. ३० जानेवारी २०२५ ला मेलबर्नमध्ये त्या पोरी शेवटी एकत्र टीम म्हणून खेळल्या, आणि त्या एप्रिलमध्ये आयसीसीनं त्यांना मदत करायचं जाहीर केलं, त्यात आपलं बीसीसीआय पण आहे. म्हणजे बीसीसीआयला विचारायचा आपल्याला हक्क आहे की पुढं काय झालं, किती पैसे दिले, मॅच कधी. त्यांचे सगळे पैसे आपण मॅच बघतो त्यातनंच येतात ना. मी पार्क स्टेडियमवर कोचिंगला येणाऱ्या मुलींना हे सांगितलंय, त्या पत्र लिहिणार आहेत.

रोखठोक_७७

एवढं लांब जायची गरज नाही. हे सगळं त्या धर्माचंच आहे, आपल्या गावात पण बघा बुरखे किती वाढलेत. खरं बोललं की राग येतो.

विजापूरवेशीतली

मला राग आलेला नाही, पण उत्तर देते कारण प्रत्येक वेळी हाच फाटा फुटतो आणि त्या बिचाऱ्या बायका बाजूला राहतात.

मी मुसलमान आहे, याच गावातली, डी.एड. केलंय, शिकवते. मी डोक्यावर स्कार्फ घेते, माझी सख्खी बहीण घेत नाही, आमच्या घरात यावरनं कधी भांडण नाही. आता इराणचं बघा. १९३६ मध्ये तिथल्या शहानं हुकूम काढला की बुरखा-हिजाब बंद, पोलीस रस्त्यात बायकांच्या डोक्यावरनं ओढून काढायचे, कितीतरी म्हाताऱ्या बायका घराबाहेर पडायच्याच बंद झाल्या. १९७९ मध्ये क्रांती झाली आणि खोमेनींनी उलटं सांगितलं की घालायलाच पाहिजे. त्याच्या दुसऱ्याच दिवशी ८ मार्च होता आणि तेहरानमध्ये हजारो बायका रस्त्यावर आल्या. त्यात डोकं झाकलेल्या पण होत्या. दोन्ही वेळा ठरवणारे पुरुष, राबवणारे पोलीस, आणि अंग बाईचं.

१३ सप्टेंबर २०२२ ला जिना महसा अमिनीला हिजाब नीट नाही म्हणून पोलिसांनी धरलं, १६ तारखेला ती गेली. २२ वर्षांची पोरगी. साकेझ या कुर्दी गावची, तेहरानला आली होती. तिच्या दफनाला गावातल्या बायकांनी डोक्यावरची वस्त्रं काढून हवेत फिरवली आणि "जिन, जियान, आझादी", म्हणजे बाई, जीवन, स्वातंत्र्य, असं म्हणाल्या. तिची बातमी बाहेर आणणाऱ्या निलुफर हामेदी आणि एलाहे मोहम्मदी या दोघी पत्रकारांना जेलमध्ये टाकलं. या सगळ्या मुसलमान घरातल्याच पोरी आहेत हो. काबूलमध्ये कॉलेजबंदी झाली तेव्हा इजिप्तच्या अल-अझहर या मोठ्या इस्लामी विद्यापीठाच्या प्रमुख इमामांनी जाहीर सांगितलं की हे शरियतच्या विरुद्ध आहे. मग "धर्माचंच आहे" म्हणून मोकळं व्हायचं, का जे त्याच धर्मात राहून जीव धोक्यात घालून लढतायत त्यांच्या मागं उभं राहायचं? त्यांच्या दुःखाची काठी करून विजापूर वेशीतल्या बाईला मारू नका, एवढी विनंती आहे. ती काठी तेहरानच्या बाईनं तुमच्या हातात दिलेली नाही.

शिलाईवाली ताई, तुमच्या कार्यक्रमाला मी येणार आणि शाळेतल्या दोघीतिघींना घेऊन येणार.

पूर्वभागातली_अक्का

ये गं बाई ये. माझ्या शेजारी बस.

रियाधला_होतो

मी सौदीत एसीचं काम केलं बरीच वर्षं, आता परत सोलापुरात. तिथं असताना आम्ही या विषयावर तोंड उघडत नव्हतो, कामगाराला परवडतच नाही ते. पण डोळे उघडे होते. १९९० च्या नोव्हेंबरात, बायकांना गाडी चालवायची बंदी असताना, ४७ जणींनी रियाधमध्ये गाड्या चालवल्या, तो किस्सा आमचा जुना फोरमन सांगायचा. त्यांच्या नोकऱ्या गेल्या, पासपोर्ट काढून घेतले. २०११ ला मनाल अल-शरीफनं गाडी चालवतानाचा व्हिडिओ टाकला, तिला आत टाकलं. शेवटी २४ जून २०१८ ला बायकांवरची गाडी चालवायची बंदी उठली, जगभर सरकारची वाहवा झाली. पण त्याच्या आदल्याच महिन्यात लुजैन अल-हथलूल आणि तिच्याबरोबरच्या बायकांना पकडलं होतं, ज्यांनी ही मागणी लावून धरली त्यांनाच! हक्क आम्ही दिला, तुम्ही मागून मिळवला नाही, हे दाखवायचं होतं. ती फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटली.

आणि सलमा अल-शेहाब म्हणून एक मुलगी, इंग्लंडमध्ये पीएचडी करत होती, सुट्टीला घरी आली आणि ट्विटरवर कैद्यांच्या बाजूनं लिहिलं म्हणून २०२२ मध्ये ३४ वर्षांची शिक्षा ठोठावली. ३४! तिच्या विद्यापीठातल्या लोकांनी आणि संघटनांनी तिचं नाव सोडलंच नाही. शिक्षा कमी कमी होत गेली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत सुटली. मला एवढं कळलं की अशा सरकारला नाव विसरलं गेलेलं हवं असतं. म्हणून एकेक नाव धरून बोला, "तिकडच्या बायका" असं गोळाबेरीज बोलू नका.

कोर्टरोडची_वकील

वरचं सगळं वाचलं, आता थोडं कामाचं.

पहिली गोष्ट, कायदा अगदीच आंधळा नाही. ८ जुलै २०२५ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं तालिबानचा प्रमुख हिबतुल्ला अखुंदजादा आणि त्यांचा सरन्यायाधीश अब्दुल हकीम हक्कानी यांच्यावर अटक वॉरंट काढलंय, बायका-मुलींचा छळ हाच आरोप. शिवाय अफगाणिस्ताननं २००३ मध्ये महिला भेदभावविरोधी करार, ज्याला सीडॉ म्हणतात, कुठलीही अट न घालता मान्य केलेला आहे. त्या आधारावर ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जर्मनी आणि नेदरलँड्सनी सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांच्याविरुद्ध प्रक्रिया सुरू करत असल्याचं जाहीर केलं. भारताला स्वतः तो खटला घालता येत नाही, कारण त्या करारातलं वाद कोर्टात नेण्याचं कलम आपण मान्य केलेलं नाही, आणि फौजदारी न्यायालयाचे आपण सदस्य पण नाही. त्यामुळं "भारतानं केस करावी" असं पत्र लिहून उपयोग नाही, ते केराच्या टोपलीत जाईल. जे हातात आहे तेच मागा.

हातात काय आहे? व्हिसा आणि शिक्षण. २०२१ च्या ऑगस्टमध्ये आपल्या सरकारनं अफगाण नागरिकांचे आधीचे व्हिसा रद्द केले, त्यात सुट्टीला घरी गेलेले कितीतरी विद्यार्थी तिकडंच अडकले, मुली पण. मी पुण्यात शिकत होते तेव्हा आमच्या वर्गात अफगाण मुली होत्या, भारत सरकारच्याच शिष्यवृत्तीवर आलेल्या. तर मागणी साधी करा की मुलींसाठी शिष्यवृत्त्या वाढवा, ऑनलाइन पदवी शिकू द्या, आणि ज्यांना प्रवेश मिळालाय त्यांना व्हिसा द्या. हे खासदारांमार्फत परराष्ट्र मंत्रालयाला पाठवता येतं, खासदार लोकसभेत प्रश्न विचारू शकतात, आणि प्रश्न स्वीकारला गेला की सरकारला उत्तर द्यावं लागतं.

दुसरी गोष्ट, सुरक्षितता, आणि हे कृपया सगळ्यांनी वाचा. व्हिडिओ पुढं पाठवताना चेहरा, घर, गल्ली ओळखू येत असेल तर पाठवू नका. व्हॉट्सॲपवर आलेली क्लिप तिनं स्वतः जाहीर केलीय का दुसऱ्यानं चोरून काढलीय हे आपल्याला कळत नाही. ज्यांची नावं आधीच जगजाहीर आहेत, ज्या स्वतः किंवा ज्यांचं घरचं सांगतंय की बोला, त्यांच्याबद्दल बोला. इराणमध्ये मानवी हक्कांसाठी लढणारी नर्गिस मोहम्मदी तेहरानच्या एविन जेलमध्ये असताना तिला २०२३ चं शांततेचं नोबेल मिळालं आणि ओस्लोला तिच्या जुळ्या मुलांनी जाऊन घेतलं, त्यांना तिचं नाव सगळीकडं हवंच आहे. पण चोरून चालणाऱ्या एखाद्या वर्गाचा पत्ता आपण उत्साहात छापला तर आपणच त्यांना पकडून दिलं. पैसे पण परस्पर कुणा अनोळखी खात्यावर पाठवू नका, परदेशी पैसे पाठवायचे बँकेचे नियम कडक आहेत आणि या नावाखाली फसवणूक पण चालते.

होटगीरोडवाला

वकील मॅडम, तुमचं पत्राचं पटतंय. पण एक अडचण सांगतो. पाकिस्तानमुळं आपल्या सरकारला तालिबानशी बोलावंच लागणार, देशहित आहे ते. मग बायकांचा मुद्दा कोण काढणार त्या टेबलावर?

कोर्टरोडची_वकील

बोलू नका असं कुणीच म्हणत नाहीये दादा. पण कसं बोलायचं ते आपल्या हातात असतं. २०२५ च्या ऑक्टोबरातलं आठवा. तालिबानचे परराष्ट्रमंत्री मुत्तकी दिल्लीत आले, १० तारखेला अफगाण दूतावासात पत्रकार परिषद घेतली आणि एकाही महिला पत्रकाराला आत घेतलं नाही. आपल्या राजधानीत! त्यावर इथल्या पत्रकार संघटना, विरोधी पक्ष, साधी माणसं सगळ्यांनी इतका आवाज उठवला की १२ तारखेला दुसरी परिषद घ्यावी लागली आणि पहिल्या रांगेत महिला पत्रकार बसल्या होत्या, आणि त्यांनी मुलींच्या शाळांबद्दल तोंडावर विचारलं. दोन दिवसांत. चर्चा तुटली नाही, काबूलमधला आपला दूतावास पण सुरू झाला. म्हणजे दोन्ही जमतं.

होटगीरोडवाला

हे मान्य. खासदारांच्या ऑफिसात माझी ओळख आहे, पत्र तयार झालं की पोचवायची जबाबदारी माझी. बालविवाहाचा मुद्दा मात्र मी सोडणार नाही, कार्यक्रमात त्यावर पण कुणीतरी बोला.

पूर्वभागातली_अक्का

बोलू की. माझी आई विड्या वळायची, मी पण वळल्यात लग्नाआधी. कारखान्यात माल द्यायला गेलं की चेकर मूठभर विड्या छाट म्हणून बाजूला टाकायचा आणि त्याचे पैसे नाहीत, आणि एकटी बाई बोलली तर पुढच्या वेळी पानं खराब द्यायचा. सगळ्या जणी मिळून उभ्या राहिल्या तेव्हाच त्याचा हात थांबला. कुंभारीला विडी कामगारांची १०,००० घरं झाली ती अशीच वर्षानुवर्षं मोर्चे काढून झाली, आणि वसाहतीला गोदूताई परुळेकरांचं नाव आहे, ज्या वारली लोकांसाठी पोलिसांना चुकवत जंगलात राहिल्या. इथं मोर्चा काढला तर फार तर दिवसभर ठाण्यात बसवतील, तिकडच्या बाईला घरातनं उचलतात. तिचं काम आपल्यापेक्षा किती अवघड आहे एवढं तरी आमच्या बायकांना कळायला पाहिजे, म्हणून मी येणार.

आणि आणीबाणीत आपल्याकडं पण झालंच होतं की. मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर, प्रमिला दंडवते सगळ्या जेलमध्ये. त्याच बायकांनी आधी लाटणं घेऊन मोर्चे काढले होते महागाईवर, तेल-साखरेसाठी. सरकारला लाटण्याची भीती वाटली म्हणजे बघा. ७७ ला मृणालताई आणि अहिल्याताई दोघी निवडून लोकसभेत गेल्या.

वाचनालयातली

अक्का, तेल-साखरेवरनं सुरू होतं हे अगदी खरं. इराणमध्ये २००६ साली दहा लाख सह्यांची मोहीम काढली होती बायकांनी. मोर्च्यावर लाठ्या पडल्या म्हणून मग त्यांनी घरोघरी जायचं ठरवलं. बस, बाग, पार्लर, जिथं बाई भेटेल तिथं बसायचं, एक छोटी पुस्तिका द्यायची. त्यात साध्या भाषेत लिहिलेलं की तलाक, पोरांचा ताबा, वारसा, साक्ष याबाबत कायदा काय म्हणतो आणि त्यानं घरात काय होतं. सही दिली नाही तरी चालेल, पुस्तिका वाचा. मोरोक्कोच्या बायकांनी आधी केलं होतं त्यावरनं त्यांनी हे घेतलं. कितीतरी जणींना अटक झाली, सह्यांचे कागद जप्त झाले. पण २०२२ ला रस्त्यावर आलेल्या पोरी या पुस्तिका वाचलेल्या आयांच्या पोटच्या आहेत, माझं तरी हे ठाम मत आहे.

अजून एक. काबूलमध्ये रेडिओ बेगम म्हणून बायकांनी चालवलेलं स्टेशन आहे, ८ मार्च २०२१ ला सुरू झालं. त्यावर शाळेचे धडे लागतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये तालिबाननं धाड टाकून बंद पाडलं, त्याच महिन्यात परत सुरू करायची परवानगी द्यावी लागली. बेगम टीव्ही पॅरिसहून उपग्रहावरनं धडे दाखवतं. आपण त्यांना मराठीत शुभेच्छा पाठवून त्यांचं पोट भरणार नाही, पण पत्रात "अफगाण मुलींसाठी धडे बनवायला भारतानं मदत करावी" अशी एक ओळ घालता येईल. आपल्याकडं दूरदर्शनवर शाळेचे धडे दाखवायचा किती वर्षांचा अनुभव आहे.

शिलाईवाली_अशोकचौक

सगळ्यांचे मनापासून आभार. आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत आम्ही बसून ठरवलं ते सांगते.

८ मार्चला दुपारी ३ वाजता कारखान्याच्याच हॉलमध्ये, मालकांनी होकार दिलाय. डबा-बक्षीस नाही. वाचनालयातली ताई हेरात आणि चिलीचं सांगतील, विजापूरवेशीतली ताई इराणचं, अक्का विडी कामगारांचं आणि बालविवाहाचं. मग पत्र वाचून सह्या. पत्रात तीनच मागण्या, मुलींना शिष्यवृत्ती आणि ऑनलाइन पदवी, प्रवेश मिळालेल्यांना व्हिसा, आणि धडे बनवायला मदत. बीसीसीआयचं पत्र कव्हरड्राइव्ह दादांच्या मुली वेगळं देतील. फोटोत फक्त आपण, तिकडच्या कुणाचाही चेहरा वापरायचा नाही, बॅनरवर पण नाही.

आणि मावशींनी सुचवलंय की कटिंगमधनं उरलेल्या चिंध्यांची एक मोठी वाकळ शिवायची, त्यावर जगजाहीर असलेली नावं टाक्यांनी लिहायची, एकीनं एक नाव. महसाचं मावशींनी घेतलंय. नर्गिसचं मी घेतलंय.

नावं देवनागरीत लिहायची का त्यांच्या लिपीत पण? दोन्ही असेल तर बरं वाटतं पण आमच्यात कुणाला येत नाही ती लिपी.

विजापूरवेशीतली

दोन्ही लिहू या. मला उर्दू येतं, लिपी जवळपास तीच आहे, फारसीतली नावं मी खडूनं कापडावर काढून देते, तुम्ही वरनं टाके घाला. शनिवारी शाळा सकाळची असते, साडेबाराला येऊ का कारखान्यात?

शिलाईवाली_अशोकचौक

या की, जेवायलाच या. खडू आमच्याकडं आहे, मार्किंगचा, पांढरा आणि निळा दोन्ही.

कोर्टरोडची_वकील

यादी आधी मला दाखवा, एकेक नाव जाहीर झालेलं आहे का तपासून देते. शुक्रवारपर्यंत पाठवा.